शितावरून भाताची परीक्षा... पण किती शितांवरून?

मित्रांनो, हा लेख बास्केटबॉलचा आहे, थोडा एम-फोरचा आहे आणि खरं सांगायचं तर एका माफीचा आहे. माफी शेवटी येईल. आधी मॅच!

नालवाडीत संध्याकाळी साडेपाचनंतर आपल्या ग्राउंडवर काय गोंधळ असतो, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. एका बाजूला क्रिकेट, दुसऱ्या बाजूला व्हॉलीबॉल आणि मधल्या सिमेंटच्या कोर्टवर आमची बास्केटबॉल टीम. मी खेळाडू म्हणून यथातथाच. उंची पाच फूट चार इंच आणि लेअप मारताना बॉल एकीकडे, मी दुसरीकडे. म्हणून सरांनी माझ्या हातात बॉलऐवजी स्कोअरबुक दिलं. "तू इंजिनिअर हाय ना, हिशोब ठेव," एवढंच म्हणाले.

गेल्या सीझनला आजूबाजूच्या कॉलेजांनी नेहमीच्या नॉकआउटऐवजी साखळी सामने घ्यायचं ठरवलं. आठ टीम, प्रत्येकीशी दोनदा गाठ, म्हणजे प्रत्येक टीमला १४ सामने. आम्ही पहिले तिन्ही जिंकलो. मला जोर चढला. रात्री दोन वाजेपर्यंत जागून मी कॉम्प्युटरवर तक्ता केला. कोणाचे पॉइंट किती, रिबाउंड किती, फ्री थ्रोची टक्केवारी किती. चांगले आकडे हिरवे, वाईट आकडे लाल. कलर प्रिंट काढून मेसच्या दाराशी चिकटवला आणि जेवायला येणाऱ्या प्रत्येकाने तो उभं राहून वाचला.

त्या तक्त्यात सगळ्यात लाल एक पोरगा होता. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. तीन सामन्यांत त्याला १२ फ्री थ्रो मिळाले, त्यातले ५ गेले. ४२ टक्के. मेसमध्ये पोळी येईपर्यंत निकाल लागला होता. "तो तर गेला बे कामातून!" "काऊन बे, लायब्ररीवाली कोण भेटली का त्याले?" पुढच्या दोन सामन्यांत तो बेंचवर बसला. मग प्रॅक्टिसलाही येईना. विचारलं तर म्हणे, सबमिशन आहे.

आता माझा प्रश्न असा : सीझनच्या सुरुवातीचे आकडे नेमके कधी खरे मानायचे? तीन सामन्यांनंतर? सातनंतर? की चौदाही कमीच?

नाणं काढा

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खोटी नाही. पण ती का खरी ठरते ते बघा. एका पातेल्यातलं पाणी एक, आच एक, तांदूळ एकाच पोत्यातला. सगळी शितं जवळपास सारखी शिजतात, म्हणून एक शित दाबून पाहिलं की काम होतं. बास्केटबॉलचं पातेलं तसं नाही. तिथे एक शित कच्चं निघतं तर शेजारचं गळून गेलेलं असतं. मग एका शितावर भागत नाही.

किती लागतात? खिशातून रुपयाचं नाणं काढा (मेसचं बिल भरून उरलं असेल तर!). दहा वेळा उडवा. पाच छापे, पाच काटे येतीलच असं नाही. सात-तीनसुद्धा सहज येतं. म्हणून नाणं खोटं आहे असं आपण म्हणत नाही. पण पोराच्या दहा थ्रोंवरून पोरगा खोटा आहे असं मात्र लगेच म्हणतो.

एम-फोरमध्ये आपण घोकलेलं सूत्र इथे कामाला येतं. यशाची खरी शक्यता 'प' आणि प्रयत्न 'न' असतील, तर टक्केवारी इकडे-तिकडे किती हलेल याचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन :

√( प × (१ − प) ÷ न )

समजा पोरगा खरोखर ६५ टक्क्यांचा आहे. ०.६५ × ०.३५ = ०.२२७५. याला १२ ने भागा, वर्गमूळ काढा, उत्तर ०.१४ च्या जवळ येतं. म्हणजे १२ थ्रोंवर काढलेली टक्केवारी निव्वळ नशिबाने १४ टक्क्यांनी वर-खाली होणं ही रोजची गोष्ट आहे. ६५ चा पोरगा ५१ दिसू शकतो, ७९ ही दिसू शकतो. आणि ४२? १२ पैकी ५ किंवा त्याहून कमी जाण्याची शक्यता बायनॉमियलने काढली तर साधारण साडेआठ टक्के येते. बारातून एकदा.

तुम्ही म्हणाल, बारातून एकदा म्हणजे दुर्मीळच की! थांबा. टीममध्ये पोरं किती? बारा. प्रत्येक जण ६५ टक्क्यांचाच आहे आणि प्रत्येकाने १२ थ्रो मारले असं धरा. मग त्यांच्यापैकी निदान एक जण तरी ४२ टक्के किंवा त्याखाली दिसण्याची शक्यता ६५ टक्के निघते. म्हणजे कोणीही बिघडलेलं नसताना माझ्या तक्त्यात एक लाल चौकट जवळजवळ ठरलेलीच होती. प्रश्न फक्त एवढाच, की त्या आठवड्यात ती कोणाच्या नावासमोर पडते. आम्ही आधी सगळ्यात वाईट आकडा शोधला आणि मग "बघा, किती वाईट आहे" म्हणून ओरडलो.

जुनं स्कोअरबुक

माझी खरी चूक गणिताची नव्हती, आळसाची होती. हा पोरगा आदल्या वर्षीही टीममध्ये होता. जुनं स्कोअरबुक क्रीडा विभागाच्या कपाटात पडलेलं होतं. ते मी उघडलंच नव्हतं. उघडलं तेव्हा सापडलं : १२० थ्रोंपैकी ७८. बरोबर ६५ टक्के. आणि १२० थ्रोंवर नशिबाची ढिलाई १४ नव्हे, फक्त ४ टक्क्यांच्या आसपास असते.

मग जुनं आणि नवं एकत्र करा. ७८ अधिक ५ म्हणजे ८३, एकूण थ्रो १३२. टक्केवारी ६३. त्या दिवशी मेसच्या दारावर लिहायला हवं होतं ते हे ६३. लिहिलं होतं ४२.

अर्थात जुना आकडा म्हणजे काही शिक्का नव्हे. वर्षभरात माणूस सुधारतो, बिघडतो, त्याचं बोट मोडतं. पण तसं असेल तर ते डोळ्यांना दिसतं. त्याचं कोपर बाहेर जातंय का, बॉल सोडताना मनगट वळतंय का, बोटाला पट्टी आहे का, हे बघायला स्टॅटिस्टिक्स लागत नाही. असं ठोस कारण दिसलं तर १२ थ्रोही पुरे. कारण दिसत नसेल तर १२ थ्रो म्हणजे बाराच थ्रो.

कोणता आकडा आधी स्थिरावतो?

सगळे आकडे सारख्या वेगाने भरवशाचे होत नाहीत. साधा नियम असा : जी गोष्ट टीम स्वतः ठरवते, तिचा आकडा लवकर स्थिरावतो. जी गोष्ट बॉल रिंगवर आदळल्यावर ठरते, तिला वेळ लागतो.

पहिलं उदाहरण. टीम किती थ्री-पॉइंटर *मारते* आणि त्यातले किती *जातात*, या दोन वेगळ्या गोष्टी. मारणं हा डावपेच आहे. कोचने सांगितलं की बाहेरून मारा, तर पोरं दर सामन्यात बाहेरूनच मारणार. दोन-चार सामन्यांत ती सवय दिसून येते. जाणं मात्र वेगळं. तीच गोष्ट खेळाच्या वेगाची, म्हणजे एका सामन्यात किती वेळा बॉल ताब्यात येतो याची. वेगाने पळणारी टीम पहिल्या दिवसापासून पळते.

दुसरं उदाहरण बचावाचं. समोरची टीम आपल्याविरुद्ध दर सामन्यात २० थ्री-पॉइंटर मारते आणि सरासरीने ३५ टक्के जातात असं धरू. तीन सामन्यांत झाले ६० शॉट. गंमत बघा, ०.३५ × ०.६५ पुन्हा ०.२२७५ च! भागिले ६०, वर्गमूळ, सहा टक्के. म्हणजे बचाव तसाच राहूनही आकडा २९ किंवा ४१ दिसेल. २९ दिसला की आपण म्हणतो "काय डिफेन्स आहे!" आणि ४१ दिसला की म्हणतो "डिफेन्सची पार वाट लागली." ही ढिलाई दोन टक्क्यांच्या खाली आणायला ६०० शॉट, म्हणजे ३० सामने लागतील. आपली साखळी संपते १४ ला.

याहून मजेशीर आकडा म्हणजे *समोरच्या* टीमची फ्री थ्रोची टक्केवारी. फ्री थ्रोच्या वेळी आपण फक्त उभे असतो. प्रेक्षकांनी "हूऽऽ" केलं तर केलं. तरी एखाद्या टीमविरुद्ध सुरुवातीच्या सामन्यांत ५५ टक्केच फ्री थ्रो गेले, तर ती गुणतक्त्यात वर दिसते. तो आकडा पुढे वर सरकणारच. अशा आकड्यावर वर गेलेल्या टीमकडे जरा संशयाने बघावं.

रिबाउंड आणि टर्नओव्हर या दोघांच्या मधे येतात. उंची, जागा घेणं, हात सांभाळणं हे रोज साधारण तेवढंच असतं, पण बॉल कुठे उसळेल ते रिंगच जाणे.

आणि उशिरा स्थिरावणारी आणखी एक गोष्ट कोणती? जी सगळे आधी बघतात ती. हार-जीत! अख्ख्या सामन्यातून एकच हो-नाही उरतं. एका पॉइंटने जिंकलो काय आणि तीसने जिंकलो काय, तक्त्यात दोन्ही सारखेच. म्हणून सुरुवातीला विजयांपेक्षा गुणांचा फरक बघणं जास्त शहाणपणाचं.

चौदा सामन्यांची साखळी

हे खोटं वाटत असेल तर आपल्या मुंबईची गोष्ट घ्या. आयपीएलच्या २०१५ च्या हंगामात मुंबई इंडियन्स पहिले चारही सामने हरले. हॉस्टेलच्या भाषेत, गेले कामातून. उरलेल्या दहापैकी आठ जिंकले, दुसऱ्या क्रमांकावर आले आणि फायनलमध्ये चेन्नईला ४१ धावांनी हरवून कप उचलला. आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, पहिले पाच हरूनही हीच टीम प्लेऑफमध्ये पोहोचली होती. उलटंही घडतं. २००८ च्या पहिल्यावहिल्या सामन्यात ब्रेंडन मॅकलमच्या नाबाद १५८ च्या जोरावर कोलकात्याने १४० धावांनी विजय मिळवला आणि साखळी संपली तेव्हा ते आठांत सहावे होते. राजस्थान पहिला सामना हरलं होतं. कप त्यांनीच नेला.

आता एक गणित करू, कागद-पेन घेऊन पाच मिनिटांचं. २०१५ च्या साखळीअखेर आठ टीमचे गुण होते १८, १६, १६, १६, १५, १४, ११ आणि ६. सरासरी १४. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक घ्या, वर्ग करा, बेरीज करा : १०२. भागिले ८ म्हणजे १२.७५. हा झाला गुणांचा व्हेरियन्स.

आता समजा क्रिकेट खेळलंच नाही. प्रत्येक सामना नाणं उडवून ठरवला. १४ सामने, विजयाला २ गुण. तिथे अपेक्षित व्हेरियन्स येतो १४. म्हणजे खऱ्या गुणतक्त्यात जेवढी तफावत होती, ती नाणेफेकीने अपेक्षित तफावतीपेक्षाही थोडी कमीच! याचा अर्थ सगळ्या टीम सारख्या होत्या असा नाही, आणि एकाच वर्षाच्या आठ आकड्यांवरून मोठा सिद्धांत मांडला तर मी पुन्हा तीच चूक करीन. अर्थ एवढाच की १४ सामन्यांचा तक्ता बघून कोण किती बलवान हे ठामपणे सांगता येत नाही. मग चार सामन्यांनी काय सांगणार?

बास्केटबॉल याबाबतीत बरा. अमेरिकेच्या एनबीएमध्ये प्रत्येक टीम ८२ सामने खेळते. टीमच्या विजयांचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १२ च्या आसपास असतं, तर निव्वळ नाणेफेकीने ते फक्त साडेचार आलं असतं. म्हणजे तिथे नशिबापेक्षा ताकद जास्त बोलते. कारणही सरळ आहे. एका सामन्यात दोन्ही टीमना शंभरेक वेळा आलटून-पालटून बॉल मिळतो, आणि चांगले खेळाडू बहुतेक वेळ कोर्टवरच असतात. नशिबाला समतोल व्हायला एका सामन्यातच शंभर संध्या.

या दोन आकड्यांवरून हिशोब केला तर बास्केटबॉलसाठी कामचलाऊ नियम निघतो : साधारण १४ सामने झाले की टीमच्या विजयाच्या टक्केवारीत निम्मी ताकद, निम्मं नशीब. त्याआधी नशीब जास्त, त्यानंतर ताकद जास्त. वापरायला सोपं करायचं तर टीमच्या खात्यात १४ काल्पनिक सामने टाका, ७ जिंकलेले आणि ७ हरलेले. मग खरे सामने मिळवा.

आमची टीम ३ पैकी ३. तक्ता म्हणतो १०० टक्के. नियम म्हणतो (३ + ७) ÷ (३ + १४), म्हणजे १० भागिले १७, ५९ टक्के. सरासरीपेक्षा थोडे बरे, एवढंच. आम्ही मात्र मेसमध्ये ट्रॉफी कुठे ठेवायची यावर भांडत होतो! साखळी संपली तेव्हा आम्ही चौथे होतो, आणि पहिल्या तीन सामन्यांत हरवलेल्या टीम तळाच्या तीन होत्या.

कोणती शितं काढली?

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण तो सूत्रात बसत नाही. शितं किती काढली एवढंच बघून चालत नाही, पातेल्याच्या कोणत्या बाजूची काढली हेही बघावं लागतं. पहिले तिन्ही सामने दुबळ्यांशी असतील, तिन्ही आपल्याच कोर्टवर असतील, समोरची टीम दिवाळीच्या सुट्टीनंतर थेट बसमधून उतरली असेल, तर तो आकडा एकाच बाजूला कललेला असतो. असे आणखी शंभर सामने घेतले तरी तो कल जात नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हीच गोष्ट शेतीत रुजवली. त्यांनी पानसे यांच्यासोबत लिहिलेलं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी विद्यापीठांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. पीक कापणी प्रयोगाचं तत्त्व असं : गाव, शेत आणि शेतातला छोटा तुकडा, तिन्ही चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक निवडायचे. रस्त्याकडेचं हिरवंगार शेत बघून जिल्ह्याचं उत्पन्न सांगायचं नाही.

हे आपल्या वर्धेकडच्या शेतकऱ्याला सांगायची गरजच नाही म्हणा. कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात, पूजा होते, घरात आनंद असतो. पण पहिल्या वेचणीच्या गाठोड्यावरून कोणी पोरीच्या लग्नाची तारीख पक्की करत नाही. दुसरी वेचणी, तिसरी वेचणी, बोंडअळी, अवकाळी, सगळं पार पडू द्यावं लागतं. १९३० च्या दशकात याच नालवाडीत राहून विनोबांनी सूत कातून त्या मजुरीवर जगता येतं का याचा प्रयोग केला. असा प्रश्न एका दिवसाच्या सुताने सुटत नाही. त्याला रोज कातावं लागतं आणि रोज मोजावं लागतं.

मग निर्णय घ्यायचाच नाही का?

घ्यायचा. "अजून डेटा कमी आहे" म्हणत कोचला बसून राहता येत नाही, उद्या सकाळी पाच पोरं कोर्टवर उतरवावीच लागतात. पण कमी आकड्यांवर घेतलेला निर्णय छोटा असावा आणि मागे घेता येईल असा असावा. पोराला दहा मिनिटं कमी खेळवा, दोन आठवडे बघा, जुनं स्कोअरबुक उघडा. त्याच्या नावाची लाल चौकट मेसच्या दारावर लावू नका.

मी जुनं स्कोअरबुक घेऊन सरांकडे गेलो. सरांनी चष्मा वर करून दोन्ही पानं पाहिली आणि म्हणाले, "हे तीन हप्त्याआधी काऊन नाही आणलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्ता मीच फाडला. त्या पोराला परत आणायला मात्र चार दिवस लागले. आकडा बदलायला एक बेरीज पुरली होती, पण "तू उतरलास" असं साठ जणांकडून ऐकलेलं त्याच्या डोक्यातून काढायला बेरीज पुरत नाही. सीझनअखेर त्याचे ६४ पैकी ३८ गेले, ५९ टक्के. माझा अंदाज ६३ होता. ६४ थ्रोंना सहा टक्क्यांची ढिलाई असतेच, तेव्हा मी बरोबर ठरलो असा दावा करत नाही. ४२ चा तो नव्हता, एवढं मात्र नक्की म्हणता येतं.

प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती. फर्स्ट इयरच्या पहिल्या सेशनलला २५ पैकी ९ पडलेला पोरगा तुमच्यासमोर येतो. गावातून पहिल्यांदा हॉस्टेलला आलेला, मराठी मीडियमचा, ड्रॉइंगच्या शीटवर कधी टी-स्क्वेअर न ठेवलेला. ते नऊ मार्क खोटे नाहीत, पण तो पहिला सामना आहे, आणि तोही परक्या कोर्टवर. त्याच्या नावासमोर लाल शाई वापरण्याआधी दुसरी, तिसरी सेशनल होऊ द्या. आणि मित्रांनो, आपणही. रूम पार्टनरबद्दल, ज्युनिअरबद्दल आणि स्वतःबद्दलसुद्धा.

असो. या सीझनलाही स्कोअरबुक माझ्याचकडे आहे. तक्ता या वेळीही लागेल, पण सातव्या सामन्यानंतर, आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी किती थ्रोंवरून काढली तेही लिहिलेलं असेल. तोवर मेसच्या दारावर फक्त मेन्यू.

आणि ज्याचं नाव लिहिलं नाही त्याला : चुकलं यार. संध्याकाळी कोर्टवर भेट.